शून्य कुठून धरायचं

त्या खोलीत एकनाथरावांच्या ओळखीची एकच वस्तू होती, कोनमापक. बाकी सगळंच त्यांना बुचकळ्यात टाकणारं होतं. टेबलावर एक लाकडी खोका, त्याला हात आत सरकवायला भोक, आत तळव्याखाली फिरणारी फळी आणि फळीला जोडलेली लहानशी मोटार. खोक्याच्या झाकणावर अर्धवर्तुळात अंश कोरलेले होते आणि मधोमध घड्याळातल्यासारखा काटा होता. त्यांची नऊ वर्षांची नात मेघना समोर बसली होती. उजवा हात खोक्यात, तिच्या नजरेआड. डावा हात काट्यावर.

"मोटार तुझा हात हळूहळू वळवणार," पलीकडे बसलेली प्रणिता मेघनाला सांगत होती. "ती थांबली की आतला हात कुठल्या दिशेला असेल असं वाटतं, तिकडे हा वरचा काटा फिरवायचा. बस्स, एवढंच."

"आणि चुकलं तर, अक्का?"

"चुकलं तर चुकलं."

हे वाक्य एकनाथरावांना अजिबात आवडलं नाही.

प्रणिता नामपल्लीतल्या त्या केंद्रात फिजिओथेरपिस्ट होती. वय तिशीच्या आसपास, बोलणं हळू, मराठी हैदराबादचीच. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांना न बघता आपला हात कुठे आहे हे कितपत कळतं, ते मोजण्याचं तिचं काम चाललं होतं. मेघनाचा जन्म दोन महिने आधी झाला होता आणि तेव्हा मेंदूला झालेल्या इजेमुळे तिची उजवी बाजू ताठर होती. पायाचं फारसं अडत नसे, लंगडत का होईना ती पळायची. हाताचं मात्र अडायचं. मनगट आत वळलेलं, मूठ मिटलेली.

सर्जननी सांगितलं होतं, की एक स्नायुबंध मनगटाच्या आतल्या बाजूचा काढून बाहेरच्या बाजूला जोडला तर मनगट वर उचललं जाईल. पण त्यांची एक अट होती. "डोळे मिटल्यावर तिला हात कुठे आहे ते कळतं का, हे आधी मला पाहिजे. कळत असेल तर मार्चमध्ये करू. कळत नसेल तर मी थांबेन. ज्या हाताची खबर नाही तो सरळ करूनही पोर वापरणार नाही. आणि आता त्या वळलेल्या मनगटात ती दप्तराचा पट्टा तरी अडकवते. कदाचित तेही जाईल."

एकनाथरावांनी यातलं 'मार्चमध्ये करू' एवढं नीट ऐकलं होतं.

मोटार वीस वेळा फिरली. मेघनाने वीस वेळा काटा ठेवला. प्रणिताने सरासरी काढली. अठ्ठावीस अंशांची चूक.

"पासिंग किती आहे, मॅडम?"

"यात पास-नापास नसतं, सर."

"तरी पण?"

"तिच्या वयाच्या इतर मुलांची चूक आठ-दहा अंशांपर्यंत असते."

"हौ. म्हणजे दहा."

परतताना ऑटोत सूनबाई रुपाली खिडकीबाहेर बघत म्हणाली, "बाबा, तिला कळतच नाही. मला वाटतच होतं."

"कळत नाही म्हणजे काय? अजून शिकवलं नाही, एवढंच."

एकनाथराव चौतीस वर्षं सरकारी शाळेत गणित शिकवत होते आणि संध्याकाळी चिक्कडपल्लीत दोन खोल्यांत सरकारी नोकऱ्यांच्या परीक्षांचा क्लास घेत. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या कचेऱ्यांत त्यांचे विद्यार्थी बसले होते. आजही चिक्कडपल्लीच्या लायब्ररीसमोर चहा पीत उभी असलेली पोरं बघितली, की कोण कुठल्या विषयात अडकलाय हे त्यांना चेहऱ्यावरून कळायचं. जिला परीक्षा म्हणतात तिला काहीतरी रीत असतेच, ती सापडली की झालं, असं त्यांचं म्हणणं होतं. आणि या परीक्षेची रीत त्यांना वीस फेऱ्या संपायच्या आतच सापडली होती. त्यांनी मनगटावरच्या घड्याळाशी ताडूनही बघितली होती.

घरी त्यांनी मेघनाला जेवणाच्या टेबलाशी बसवलं.

"मेघू, मोटारीचा वेग कसा आहे? सारखा. सेकंदाला दहा अंश. सुरुवात कुठून होते? दर वेळी हात पूर्ण आत वळवलेला असतो, तिथून. ते शून्य. मग मोटारीचा आवाज सुरू झाला की मोजायला लागायचं, थांबला की थांबायचं. आकडा गुणिले दहा. काटा तिथे ठेवायचा."

"पण अक्काला तर हात कुठाय ते सांगायचंय ना?"

"मग आपण तेच सांगतोय की."

मेघनाने विचार केला. "आजोबा, हे चीटिंग नाही ना?"

"चीटिंग दुसऱ्याच्या पेपरात बघून होतं. हे डोकं आहे."

शाळेत तिच्या जिभेवर तेलुगू बसलेली, म्हणून ती मनात "ओकटि, रेंडु, मूडु" असं मोजायची आणि भरभर मोजायची. एकनाथरावांनी तिला भिंतीवरच्या घड्याळाच्या टिकटिकीवर आणलं. मोटारीचा आवाज ते स्वतः काढत. डोळे अर्धवट मिटून, ओठ बंद करून, लांबलचक.

"बाबा," स्वयंपाकघरातून रुपाली म्हणाली, "वरच्या मजल्यावरच्या आंटी विचारत होत्या, तुमच्याकडे भ्रामरी कोण करतं म्हणून."

"सांग त्यांना, स्पीड-टाइम-डिस्टन्स चाललंय."

पाच दिवसांत मेघना अर्ध्या सेकंदापर्यंत बरोबर यायला लागली. पाहिलं तर पोरगी हुशार होती. तिच्या हाताबद्दल बोलताना लोक हे विसरायचे.

दुसऱ्या खेपेला चूक आली सहा अंशांची.

एकनाथरावांनी प्रणिताच्या चेहऱ्याकडे बघितलं. तिथे आनंद असायला हवा होता. त्याऐवजी तिने मोटारीची वायर काढून पुन्हा लावली, खोक्यात स्वतःचा हात घातला, मोटार फिरवली, हात बाहेर काढला. मग मेघनाला पाणी प्यायला देऊन तिने वीसच्या वीस फेऱ्या परत घेतल्या. पुन्हा सहा.

"चांगलं झालं ना, मॅडम?"

"चांगलंच आहे, सर. पण एका आठवड्यात इतकं होत नाही."

"अभ्यास केला तिने."

प्रणिता हसली. आजोबा थट्टा करतायत असं तिला वाटलं असावं. एकनाथराव मात्र गोंधळले. मार्क वाढल्यामुळे काळजीत पडलेला मास्तर त्यांनी उभ्या आयुष्यात बघितला नव्हता.

तिसऱ्या खेपेला त्या गल्लीतली लाइट गेली. केंद्राच्या इन्व्हर्टरवर पंखे चालत होते, मोटार चालत नव्हती. "हरकत नाही, फळीला दांडा आहे," असं म्हणून प्रणिताने फळी हाताने फिरवायला सुरुवात केली. हाताने फिरवणं ते. कधी हळू, कधी जरा झटक्यात. मधे कुणीतरी दारात येऊन काही विचारलं तेव्हा ती थांबली आणि मग उरलेलं फिरवलं. मेघनाचे ओठ हलत होते. एकदा तिने वळून आजोबांकडे बघितलं, आणि त्यांनी नजर छताकडे नेली.

एकतीस अंश.

"अक्का, तू मधेच थांबतेस," मेघना रडवेली होऊन म्हणाली.

"थांबले तर काय झालं, राजा? हात तर तुझाच आहे ना?"

रुपाली मेघनाला पाणी प्यायला बाहेर घेऊन गेली.

प्रणिता कागदावरचे आकडे बघत बसली होती. "मला काही सुधरत नाहीये, सर," ती म्हणाली. "एकाच हाताची दोन उत्तरं. मोटारीवर सहा, मी फिरवलं तर एकतीस. मोटार बिघडलीय म्हणावं तर आधीच्या अकरा मुलांची मापं टाकून द्यावी लागतील. बिघडली नाही म्हणावं तर आजचं हे काय आहे? गुरुवारी सर्जनना एक आकडा द्यायचाय."

"मग कोणता देणार?"

"नियमाप्रमाणे यंत्राचा. सहा."

म्हणजे मार्च पक्का. एकनाथरावांनी येताना अर्धा किलो उस्मानिया बिस्किटं घेतली. पण चहात बुडवलेलं पहिलंच बिस्कीट तुटून तळाशी गेलं तरी त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांच्या क्लासच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असायचं: प्रश्नात काय विचारलंय ते आधी समजून घ्या. उत्तर तर बरोबर आलं होतं. मग प्रश्न काय होता, हे आपल्याला नक्की माहीत आहे ना? ते वाक्य दोन दिवस त्यांच्या डोक्यात नुसतं फिरत राहिलं.

मंगळवारी मेघनाची शाळा लवकर सुटली. जेवून ती दिवाणावर झोपली. एकनाथराव शेजारच्या खुर्चीत पेपर वाचत होते. तिला जाग आली तेव्हा ती घाईघाईने उठायला गेली, तोल जाऊन परत आडवी झाली, आणि डाव्या हाताने पांघरूण चाचपू लागली.

"काय शोधतेस गं?"

"हात."

"असेल पांघरुणात. जातो कुठे?"

हे त्यांनी सहज म्हटलं. मग त्यांना दिसलं की तिचा उजवा हात पांघरुणात नव्हताच. तो तिच्या पाठीमागे, दिवाण आणि भिंत यांच्या मधल्या फटीत लोंबत होता.

"थांब," ते म्हणाले. "बघू नकोस. डोळे मिट. आता सांग, कुठाय हात?"

मेघनाने डोळे मिटले. तिचे ओठ एकदा हलले आणि थांबले.

"आजोबा, शून्य कुठून धरायचं?"

"म्हणजे?"

"मोटार तर सुरूच झाली नाही. मग मोजू कुठून?"

एकनाथरावांनी पेपर खाली ठेवला. नाही, ठेवला नाही. ठेवायला गेले आणि मधेच थांबले. त्यांनी स्वतः डोळे मिटले. उजवा हात खुर्चीच्या दांड्यावर होता, अंगठा पेपरच्या घडीत. हे त्यांना माहीत होतं. न बघता, न मोजता. कुणी हलवला नव्हता, कसला आवाज झाला नव्हता, सुरुवात नव्हती, वेग नव्हता. तरी माहीत होतं. त्यांनी तो हात उचलून नाकाला लावला. मग कानाला. मग डोक्यामागून दुसऱ्या कानाला. प्रत्येक वेळी हात बरोबर जागी पोचला. एकाहत्तर वर्षं हे उत्तर त्यांना फुकट मिळत आलं होतं आणि हा प्रश्न आहे हेच त्यांना कधी कळलं नव्हतं.

"आजोबा, काय करताय?"

"काही नाही." त्यांनी डोळे उघडले. "मेघू, मग रोज तुला कसं कळतं, हात कुठाय ते?"

"बघते ना."

"आणि लाइट गेली तर?"

"तेव्हा तो नसतो," मेघना म्हणाली, जणू हे सगळ्यांचंच तसं असतं. "लाइट आली की येतो."

बुधवारी ते एकटेच नामपल्लीला गेले. प्रणिताच्या टेबलावर मोटार उघडून ठेवलेली होती. स्क्रू एका वाटीत, वायरी बाहेर.

"बेटा," एकनाथराव म्हणाले. आजवर ते तिला मॅडम म्हणत होते. "मोटार जोडून टाक. तिच्यात काही बिघाड नाही."

त्यांनी सगळं सांगितलं. घड्याळ, आकडा गुणिले दहा, टिकटिक, भ्रामरी. सांगता सांगता आपला आवाज क्लासमध्ये रीत समजावतानाचा होतोय हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी तो खाली आणला.

प्रणिताने उघड्या मोटारीकडे बोट दाखवलं. "सर, चार दिवस मी ही मोटार उघडून बसलेय. अकरा मुलांचे कागद कपाटात टाकलेत."

"चूक झाली."

"तुम्हाला वाटलं तरी काय, आम्ही कशासाठी विचारतोय?"

"तेच तर," एकनाथराव म्हणाले. "मला वाटलं, उत्तर पाहिजे."

ती रागावेल असं त्यांना वाटलं होतं. तिने वाटीतला एक स्क्रू उचलला, बोटांत फिरवला. "माझंही चुकलंच," ती हळूच म्हणाली. "सुरुवात एकाच जागेवरून, वेग एकच, आवाज मोकळा. यातली एक गोष्ट जरी मी बदलती ठेवली असती तरी तुमचं गणित चाललं नसतं."

"एक पुरली नसती," एकनाथराव चटकन म्हणाले. "वेग बदलला तरी मोटारीचा सूर बदलतो, पोरीने तेही पकडलं असतं. तिन्ही बदलायला पाहिजेत." मग त्यांना आपण कुठे बसलोय ते आठवलं. "माफ कर."

"नाही, बरोबर आहे," प्रणिता म्हणाली आणि तिने ते लिहून घेतलं.

गुरुवारी सकाळी, सर्जनकडे जायच्या आधी, मेघनाची परत तपासणी झाली. कानांवर मोठे हेडफोन, त्यात नुसती खरखर. सुरुवात दर वेळी वेगळी, वेग वेगळा, मधे थांबे. एकनाथराव मागे बसले होते. काही वेळाने प्रणिताने मान वर करून त्यांच्याकडे बघितलं, तेव्हा त्यांना कळलं की आपलं बोट गुडघ्यावर ठेका धरतंय. ते दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. मेघनाचे ओठ पहिल्या पाच-सहा फेऱ्या हलले. मग हलायचे थांबले. त्यानंतर ती काटा कुठेही ठेवत होती. अगदी कुठेही. एकदा आतला हात एका टोकाला असताना काटा दुसऱ्या टोकाला गेला आणि ती समाधानाने प्रणिताकडे बघत राहिली. एकनाथरावांना तिथून उठून जावंसं वाटलं.

एकोणतीस अंश.

सर्जननी कागद बघितला आणि म्हणाले, "मग थांबू या. सहा महिन्यांनी परत बघू."

खाली रस्त्यावर ऑटोची वाट बघताना रुपाली बोलली. मेघना पुढे उभी राहून नुमाईशच्या आकाशपाळण्याकडे बघत होती. तो त्या वार्षिक प्रदर्शनाच्या मैदानाच्या भिंतीवरून अर्धाच दिसत होता.

"तुम्ही बोलला नसता बाबा, तर आज तारीख मिळाली असती."

"मिळाली असती."

"वर्गाच्या फोटोत दर वर्षी मागे लपून उभी राहते ती. मला वाटलं होतं, पुढच्या वर्षी..." तिने वाक्य सोडून दिलं. "आधी शिकवलंत कशाला, आणि मग सांगितलंत कशाला?"

दोन्ही प्रश्नांची उत्तरं त्यांच्याकडे असावीत, पण एका उत्तरातून दुसरं निघत नव्हतं, आणि असं त्यांच्या बाबतीत सहसा होत नसे. शस्त्रक्रिया झाली असती आणि हात चाललाच असता तर? सर्जनसुद्धा 'कदाचित' म्हणाले होते. ऑटो आली.

प्रणिताने घरी करायला एक सराव दिला होता. मांडीवर टॉवेल, टॉवेलखाली मेघनाचा हात. दुसऱ्याने तो हळू वळवायचा, तिने दिशा सांगायची, मग टॉवेल काढून तिने नीट बघायचं, बघत बघत तोच हात परत तसाच वळवून घ्यायचा, आणि पुन्हा टॉवेल. रोज वीस मिनिटं.

"कोर्स किती दिवसांचा?" एकनाथरावांनी विचारलं होतं.

"माहीत नाही, सर. काही मुलांना फरक पडतो. काहींना पडत नाही."

"कुणाला पडतो, कुणाला नाही, हे कशावरून ठरतं?"

"तेच मी शोधतेय."

पुस्तक नाही, पोर्शन नाही, मागच्या वर्षीच्या प्रश्नपत्रिका नाहीत. पहिल्या दिवशी एकनाथरावांनी वही आणि कोनमापक घेऊन बैठक मारली. आठवड्याने वही राहिली. मग तीही कपाटात गेली, कारण ती उघडली की मेघना हाताऐवजी वहीकडे बघायची. ते हात वळवत, थांबवत, थोडा मागे आणत, परत वळवत. मोजता येऊ नये म्हणून काय काय करावं लागतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पहिले पंधरा दिवस काहीच झालं नाही. रुपाली टेबल पुसायला यायची आणि न बोलता पुसून जायची. तरी एकदा टॉवेल धुवायला काढला तेव्हा तिने न सांगता दुसरा घडी करून ठेवला.

महाशिवरात्रीच्या आसपासची गोष्ट. दुपारचे चार वाजले होते. टॉवेलखाली एकनाथरावांनी तिचं मनगट जरासं बाहेरच्या बाजूला वळवलं आणि सोडलं.

"सांग."

मेघनाने डाव्या बोटाने टॉवेलवर एक दिशा दाखवली. त्यांनी टॉवेल उचलला. बोट आणि हात यांच्यामध्ये दोन बोटांचं अंतर होतं.

ते अंतर ते बघत राहिले. योगायोग असेल. विसांतली एक-दोन तर बरोबर येणारच, हा साधा संभाव्यतेचा हिशोब आहे. पण काल अशी दोन आली होती, आणि आजची ही तिसरी.

"मोजलंस का गं?"

"नाही. तुम्ही मोजूच देत नाही. किती नखरे करता."

"मग कसं सांगितलंस?"

"माहीत नाही," मेघना म्हणाली. "तसं वाटलं."

चौतीस वर्षं 'माहीत नाही' या उत्तराखाली त्यांनी लाल रेघ ओढली होती. आता ते त्या उत्तराकडे असे बघत होते, जणू ते नक्की कोणत्या प्रश्नाचं आहे हे त्यांना ताडून बघायचंय.

"बघ नीट हाताकडे," ते म्हणाले. "बघितलास? आता परत."

"आजोबा, हे बरोबर आलं होतं का? किती मार्क?"

एकनाथरावांनी टॉवेलची चुणी सरळ केली.

"माहीत नाही," ते म्हणाले, आणि तिच्या हातावर टॉवेल पुन्हा पांघरला.